कचरूच्या विमानाची काच

ही घडलेली गोष्ट आहे. काकासाहेब अजून जालन्यात मस्तगडला राहतात. कुणी जाऊन विचारलं तर ते नाकारणार नाहीत. फक्त आधी खोलीतलं कपाट उघडं आहे ना, ते बघून येतील.

साल १९९६. दिवाळीनंतरचा शनिवार. शाळांना अजून सुट्टी.

काकासाहेब चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सुट्टीच्या दिवशी गल्लीतली पोरं त्यांच्या ओसरीवर जमायची. प्लास्टिकची विमानं, जहाजं जोडायला ते शिकवायचे. कुणाचा पंख वाकडा बसला तरी रागवायचे नाहीत.

"पुन्हा कर, बाळ. घाई कुणाला आहे?"

त्या शनिवारी धावड्याहून कांताबाई आली. पदराखाली एक खोकं. आत जुनं लढाऊ विमान, कुण्या पोराच्या हाताने जोडलेलं. डिंकाचे ओघळ तसेच वाळलेले, एक पंख मोडलेला. खुर्चीत बोटाच्या पेराएवढा वैमानिक. त्याच्यावर बसवायची पारदर्शक प्लास्टिकची काच मात्र कागदात गुंडाळून वेगळी ठेवलेली.

"माझ्या कचरूचं हाय, गुरुजी. जगावा म्हणून तसं नाव ठेवल्तं. न्हाई जगला. पंख तेवढा बसवून द्या. काच लावू नका."

"काचेशिवाय अपुरं दिसतं, बाई."

"दिसू द्या. काच बिलकुल न्हाई लावायची."

का, ते तिने सांगितलं नाही. सोमवारी येते म्हणाली आणि एसटी गाठायला पळाली.

काकासाहेबांनी पंख बसवला. तिथेच थांबायला हवं होतं.

पण अपुरं काम त्यांनी आयुष्यात कधी परत दिलं नव्हतं. त्यांनी ओघळ घासून काढले. रंग दिला. कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि वैमानिकाला खुर्चीशी घट्ट पट्टे बांधले. पोरं वाकून बघत होती.

शेवटी काच बसवली.

"हा डिंक प्लास्टिक वितळवतो. सुकला, की दोन तुकड्यांचा एकच होतो. मग निघत नाही. बघा, त्या माउलीला केवढा आनंद होईल!"

विमान कपाटात ठेवलं.

रविवारी सकाळी पोरं कामात दंग होती. आणि…

टक… टक…

"गुरुजी, कपाटात कुणीतरी वाजवतंय," सगळ्यात लहान बेबीनंदा म्हणाली.

"उंदीर असेल, बाळ."

टक… टक… टक…

त्यांनी कपाट उघडलं. उंदीर नव्हता. विमान होतं. काच धुरकट झालेली… आतून.

फडक्याने पुसली. गेलं नाही. धुकं दाट व्हायचं, विरायचं… पुन्हा दाट व्हायचं.

"डिंकाची वाफ कोंडलीय," काकासाहेबांनी पोरांना समजावलं. "आपोआप जाईल."

"श्वास घेतल्यावानी दिसतंय. काढा ना काच!" बेबीनंदा म्हणाली.

पोरं हसली. "बेबे, प्लास्टिक कुठं श्वास घेतं का?"

काकासाहेबांनी ब्लेड उचललं. पण काच कापूनच काढावी लागली असती. इतकं स्वच्छ काम… त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. कपाट लावलं.

दुपारभर आवाज येत राहिला. मग थांबून थांबून. मग बऱ्याच वेळाने एकदाच…

टक.

मग काहीच नाही.

संध्याकाळी काच लख्ख होती. "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

सोमवारी कांताबाई आली. काकासाहेबांनी विमान खोक्यात घालून तिच्या हातात दिलं. तिने खोकं उघडलं आणि काचेवरून बोट फिरवलं.

"काच लावली, गुरुजी?"

"भेट म्हणून…"

"पत्र्याची धान्याची कोठी व्हती आमची. कचरू तिच्यात बसायचा. म्हणायचा, हे माझं इमान. वरून झाकण पडलं, कडी बसली. मी कापूस वेचायला गेल्ते. सासू घरातच व्हती. टकटक आयकली तिनं. म्हणली, उंदीर हाये."

ओसरीवरच्या पोरांनी हातातले तुकडे खाली ठेवले.

"तवापासून ह्या इमानातून सांजच्याला त्याचा श्वास येतो. बारीक. मी रोज कानाला लावते. काच न्हाई म्हणून येतो."

तिने विमान कानाला लावलं. बराच वेळ.

"काल काई आवाज आल्ता का?"

बेबीनंदाने तोंड उघडलं. काकासाहेबांनी तिचा हात दाबला.

"नाही," ते म्हणाले.

मग त्यांची नजर आत गेली. कागदाचे पट्टे तुटलेले होते. समोर बघणाऱ्या वैमानिकाची मान वर वळून तोंड काचेला चिकटलेलं होतं. काचेवर आतून बारीक ओरखडे होते.

त्यांनी ब्लेड घेतलं. काच कापली.

"आता कशाला, गुरुजी?" कांताबाई म्हणाली.

ती विमान न घेताच निघून गेली. पुन्हा आली नाही.

विमान अजून त्या कपाटात आहे. काच नाही. वैमानिकाची मान तशीच वर. रोज संध्याकाळी काकासाहेब त्याला कान लावतात. काही ऐकू येत नाही.

घरात कुठेही टक झालं, की ते हातातलं काम टाकून धावतात. डबे, पेट्या, कपाटं उघडतात.

आजवर दरवेळी उंदीरच निघालाय…