छतावरची पाहुणी

डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि ओट्याखाली गरगरत राहिलं. तिने ते पायाने दाबलं. तिच्या लेकीने, ठमीने, कूस बदलली, पण जागी झाली नाही. तेवढ्यात फोन थरथरला.

"मॅडम, डिश चोरीला गेली!" डोंगरवस्तीच्या शाळेत याच आठवड्यात रुजू झालेले मास्तर धापा टाकत होते. "परवा तुम्ही तपासून गेलात ना, तीच. छतावर नुसता खांब उरलाय."

पाच आदिवासी वस्त्यांना सरकारी पैशातून इंटरनेट द्यायची योजना होती. ठेकेदाराने डिश बसवायची आणि तिने न कळवता जाऊन तपासायची. आजवर तिला प्रत्येक वस्तीत डिश चालूच दिसली होती.

पाठोपाठ साहेबांचा फोन. "वस्तीवाल्यांनीच विकली असणार. आज चोर मिळाला नाही, तर त्यांचं नाव योजनेतून काढतो. शाळेची किल्ली ज्या बाईकडे असते, तिचं घर बघा आधी."

तिने भावजयीला फोन लावला. "वहिनी, ठमीला आजच सोडू का? खालच्या वस्तीला उद्या जायचंय, पण आज अचानक..."

"आज नको गं, मी माहेरी निघालेय. तुझा दादाही पहाटेच कामावर गेला."

झोपलेल्या ठमीला तिने तशीच जीपमध्ये घातली.

डोंगरवस्तीत किल्ली शाळेच्या मावशीकडे असायची. मावशीच्या दोन खोल्या बघायला वेळ लागला नाही. तिने ट्रंकेतले कपडे खाटेवर उपसले. काहीच सापडलं नाही.

"घडी तेवढी मोडायला नको होती," मावशी म्हणाली.

ती मान खाली घालून शाळेच्या छतावर चढली. खांब गंजलेला होता, पण त्यावरचे नट चकचकीत होते. वायर कापलेली नव्हती. तिचं टोक चिकटपट्टीत गुंडाळून विटेखाली ठेवलं होतं.

"मावशी, डिश कुणी नेली?"

"ज्यांनी आणली त्यांनी."

"कधी आणली?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. दरवेळी तेव्हाच येते. पाहुणी आहे ती, बाई. तुमच्यासारखीच."

"कोण आणतं?"

"मजूर. दरवेळी नवे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तोंड उघडलं तर तेवढंही बंद, असं सांगून ठेवलंय. त्या दोन दिवसांत आजारी लेकरं डॉक्टरला स्क्रीनवर दाखवून घेतो. बाकीचे दिवस आजारी पडायचं नाही."

तिच्या भेटीचा दिवस ऑफिसात कुणालाच ठाऊक नसे. मग मजुरांना कोण सांगत होतं?

उद्याची भेट खालच्या वस्तीला होती, म्हणजे डिश आज तिथे पोचणार. तिने साहेबांना खालच्या वस्तीवर बोलावलं, मावशीला नि मास्तरांना जीपमध्ये घेतलं.

तिथल्या शाळेच्या छतावर एक माणूस पाठमोरा बसून पाना फिरवत होता. आवाज ऐकून वळला.

"तू आज कशी? उद्या येणार होतीस ना?"

साहेबांनी भुवया चढवल्या. "हा कोण?"

"माझा सख्खा भाऊ." ती साहेबांकडे वळली. "साहेब, चोर वायर कापून पळतो. डोंगरवस्तीत टोकाला पट्टी बांधलीय, म्हणजे नेणाऱ्याला ती परत जोडायची होती. खांब गंजला तरी नट चकचकीत, म्हणजे ते सारखे उघडतात. डिश एकच आहे. मी जाईन तिथे ती माझ्या आधी पोचते. ठेका दुसऱ्याच्या नावावर असेल, पाना याच्या हातात आहे."

"पण याला कळायचं कसं?"

"माझ्याकडूनच. ठमीला वहिनीकडे ठेवते ना. कुठे जाणार, कधी परतणार, सगळं आदल्या दिवशी सांगते."

दादा शिडी उतरून आला. साहेबांकडे बघितलंही नाही. "तुझ्या पोरीला आम्ही हातावर वाढवली. असे पांग फेडतेस होय?"

ती मावशीकडे वळली. "मावशी, तुमचं घर मी..."

मावशी डिशकडे बघत होती. "आता ही जप्त करून नेणार ना तुम्ही?"

साहेब खाकरले. "नियम आहे तसा."

"मग आमच्याकडे काय राहिलं?"

"पाचही वस्त्यांवर डिश बसेपर्यंत ही वस्त्यांमध्येच राहील," ती म्हणाली. "नियम मोडल्याचा ठपका माझ्यावर ठेवा, साहेब."

साहेब दादाला घेऊन गेले. ती जीपमध्ये बसली. ठमी जागी होती. काचेतून तिने सगळं पाहिलं होतं.

"आई, मामा रडत होता."

"हो."

"तू पकडून दिलंस त्याला?"

"हो, बाळा."

ठमी मागे वळून छताकडे बघू लागली. "पण मामाने आपल्याला काय केलं होतं?"