तीन भाग मेण, एक भाग खोबरेल

सकाळी फ्रिजमधून काढली तेव्हा माझी मेणबत्ती पांढरीशुभ्र आणि टणक होती. नखानं वाजवून बघितली, टक्‌टक्‌ आवाज आला. मी ती ताटलीत घालून ओसरीवर ठेवली, आत जाऊन बशीभर पोहे खाल्ले आणि आजोबांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आले. बघते तो काय! ताटलीत तेलाचं थारोळं आणि त्यात वात आडवी पडलेली. मेणबत्ती गायब.

"ठोकळ्या!" मी ओरडले. "तू हात लावलास ना माझ्या मेणबत्तीला?"

ठोकळा म्हणजे आमचा घरातला यंत्रमानव. दिसायला अगदी लाकडी ठोकळ्यावर ठोकळा रचल्यासारखा, म्हणून हे नाव. त्याला रागावलेलं कळतं, पण त्याचं वाईट वाटत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

"मी हात लावला नाही," तो शांतपणे म्हणाला. "ओसरीवर आत्ता एकतीस अंश सेल्सिअस तापमान आहे. एवढंच मला सांगता येईल."

आजोबा मात्र पोट धरून हसायला लागले. त्यांनी ताटलीत बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. "शलाके, अगं हे तर नुसतं खोबरेल आहे!"

"मग? आपल्या घरात सगळं खोबरेलाचंच असतं. डोक्याला खोबरेल, भाजलं तर खोबरेल, दार कुरकुरलं तर खोबरेल. मेणबत्ती का नाही होणार?"

श्रीवर्धनला आमच्या घरामागे अकरा माड आहेत, त्यामुळे माझं काही फार चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण मेणबत्ती वितळली ती वितळलीच, आणि ती मला शुक्रवारच्या आत हवी होती.

का ते सांगते. माझे आजोबा रसायनशास्त्रज्ञ. तेलं आणि मेणं यांच्यावर संशोधन करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. माझ्या जन्माच्या आधीच एका आजारात त्यांची दृष्टी गेली. आता मात्र त्यांच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असणारा, प्रकाश टिपणारा पातळ पडदा) बसवलं होतं आणि ते शुक्रवारी संध्याकाळी सुरू करायचं होतं. त्यात एक मेख होती. घरातले दिवे आपल्याला सलग पेटलेले दिसतात, पण आपल्याकडचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. नव्या पडद्याला मात्र प्रत्येक लुकलुक कळते आणि पहिल्याच तासात असा मार बसला तर डोळा दुखावतो. दिवसाचा उजेड तर फारच प्रखर. म्हणून डॉक्टर रांगणेकरबाईंनी सांगितलं होतं, "मंद, न हलणारी ज्योत हवी. तेवढं जमलं तर मी घरी येऊन पडदा सुरू करते. नाही जमलं तर मुंबईला आमच्या खास खोलीत या. तिथे रुग्णाबरोबर एकच मोठं माणूस चालतं. मुलांना प्रवेश नाही."

म्हणजे मेणबत्ती फसली की आजोबांना पहिल्यांदा दिसायला लागणार तेव्हा मी तिथे नसणारच.

आणि खरं सांगू? मनाच्या एका कोपऱ्यात मला तेच बरं वाटत होतं. माझ्या डाव्या गालावर गेल्या वर्षीपासून एक पांढरा डाग आहे. त्याला कोड म्हणतात. तो दुखत नाही, आणि हात लावल्यानं दुसऱ्या कुणाला होतही नाही. बोटानं चाचपला तरी कळत नाही, म्हणून आजोबांना त्याचा पत्ताच नव्हता. ते माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "हा चेहरा मला तोंडपाठ आहे." मी आईला आणि ठोकळ्याला बजावून ठेवलं होतं, सांगायचं नाही म्हणजे नाही. शुक्रवारी मी केस मोकळे सोडून गालावर घेणार होते. पण आजोबा मुंबईला गेले असते तर मी घरी बसून ढसाढसा रडले असते, हेही मला माहीत होतं.

"समईच लावू या की," आई म्हणाली.

"समईची ज्योत वाऱ्याच्या झुळकेसरशी नाचते," आजोबा म्हणाले. "काचेच्या पेल्यात मेण ओतलं तर काचेचा आडोसा मिळतो. ठोकळ्या, माझा मेणाचा डबा आण."

डब्यात मधमाश्यांचं पिवळं मेण होतं, घट्ट आणि मधाच्या वासाचं. आजोबांनी मला काथ्याची एक जुडी आणायला लावली. आधी लांब धाग्यांची जुडी माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, "यातला एक ओढ." ओढला तर निघता निघेना, बाकीचे धागे त्याला बिलगून बसलेले. मग त्यांनी ठोकळ्याकडून तसेच धागे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून घेतले. ते तुकडे मुठीतून आपोआप गळायला लागले.

"पदार्थ रेणूंचा बनलेला असतो. रेणू म्हणजे पदार्थाचा सगळ्यात छोटा कण, ज्यात त्या पदार्थाचे गुण शिल्लक असतात. मेणाचे रेणू या लांब धाग्यांसारखे. एकमेकांना घट्ट बिलगतात. त्यांना सुटं करायला खूप उष्णता लागते, साधारण बासष्ट-चौसष्ट अंश. खोबरेलाच्या रेणूंचे धागे आखूड. ते चोवीस-पंचवीस अंशालाच हात सोडतात. त्या तापमानाला म्हणायचं द्रवणांक (ज्या तापमानाला घन पदार्थ वितळून द्रव होतो ते). आता सांग, ओसरीवर किती अंश होते?"

"एकतीस!" मी म्हणाले. "म्हणजे मेणबत्ती फ्रिजमधून बाहेर आली तेव्हाच तिचं काही खरं नव्हतं."

"थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं आणि उन्हात ठेवलं की पातळ होतं ना, तेच हे."

मग मी म्हटलं, खोबरेल नकोच, नुसतं मेणच घेऊ. आईनं मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि त्यात छोटं भांडं ठेवून मेण वितळवलं. मेण थेट आचेवर ठेवलं तर पेट घेऊ शकतं, शिवाय अंगावर उडालं तर उकळत्या तेलासारखं भाजतं. म्हणून गॅसजवळ आईच होती, मी नुसती हुकूम सोडत होते. पेला भरला, निवला, वात पेटवली. तासाभरात वातीभोवती विहिरीसारखा खोल खड्डा पडला, कडेचं मेण जसंच्या तसं आणि ज्योत तळाशी जाऊन गुदमरली.

"मेण इतकं हट्टी, की एवढ्याशा ज्योतीनं कडेपर्यंत वितळतच नाही," आजोबा म्हणाले. "त्याला जरा मवाळ करायला हवं."

"म्हणजे खोबरेल हवंच की!"

"हवंच. मी कुठे नको म्हणालो? लांब धाग्यांच्या मध्ये थोडे आखूड तुकडे शिरले की त्यांची मिठी सैल होते. मग मेण थोडं लवकर वितळतं. किती लवकर, ते तू किती तुकडे घालतेस त्यावर."

मी निम्मं-निम्मं घातलं. माझा हातच सढळ, काय करणार! दुपारी त्या मेणबत्तीला घाम फुटला. खरंच, वर तेलाचे थेंब आले. मग कमी करत करत आम्ही तीन भाग मेण आणि एक भाग खोबरेल यावर आलो, वजनानं मोजून. पेला निवला तेव्हा वरचा थर गुळगुळीत होता आणि दुपारच्या उकाड्यातही हूं की चूं न करता तसाच राहिला. पेटवल्यावर वितळलेलं मेण हळूहळू काचेपर्यंत पसरलं.

आता राहिला वास. तो कशाला, असं मीही विचारलं. आजोबा म्हणाले, "शलाके, इतक्या वर्षांनी डोळे उघडणार मी. कुठे बघायचं तेच कळणार नाही. पण नाकाला दिशा कळते. ज्योतीला वास असला तर मी तिच्याकडे तोंड तरी करू शकेन." एवढे हुशार आजोबा, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. ते घाबरले होते. मला एकदम त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली.

आम्ही वाळ्याचं तेल निवडलं. मी आईला ते गॅसवरच्या मेणात ओतायला लावलं आणि क्षणात सगळं घर वाळ्याच्या वासानं भरून गेलं. शेजारच्या काकूंनीसुद्धा कुंपणावरून विचारलं, काय शिजतंय म्हणून. पण मेणबत्ती पेटवली तर वास जेमतेम.

"सगळा वास आधीच उडून गेला," आजोबा म्हणाले. "वास येतो म्हणजे काय होतं? सुगंधी तेलाचे रेणू हवेत उडतात आणि नाकापर्यंत पोचतात. याला बाष्पीभवन म्हणतात (द्रवाची वाफ होऊन उडून जाणं). मेण फार कढत असताना तेल घातलंस तर ते तिथेच उडणार. आधी आच बंद कर आणि मेण पासष्ट अंशांपर्यंत उतरू दे, थिजायच्या थोडं आधी. मग घाल आणि हलक्या हातानं ढवळ. थिजताना मेणच त्याला धरून ठेवतं, आणि ज्योत पेटली की थोडं थोडं सोडतं."

या वेळी ठोकळा भांड्याजवळ उभा राहून अंश पुकारत होता आणि पासष्ट म्हणताच मी तेल घातलं. ढवळताना श्वाससुद्धा रोखून धरला होता.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी डॉक्टर रांगणेकरबाई आल्या. खिडक्या लावून घेतल्या, दिवे मालवले. आजोबा आरामखुर्चीत, डोळ्यांवर पट्टी. मी केस गालावर ओढून त्यांच्यासमोर बसले. आईनं मेणबत्ती पेटवली आणि खोलीत वाळ्याचा वास पसरला. सगळं कसं छान चाललं होतं, तेवढ्यात ठोकळा बोलला, "ज्योत हलते आहे. मर्यादेपेक्षा जास्त."

खरंच, ज्योत लांबच लांब होऊन फुरफुरत होती. वर काळी धुराची रेघ.

"असं असेल तर मला आज पडदा सुरू करता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सोमवारी मुंबईला या."

"वात लांब राहिली असेल," आजोबा खुर्चीतूनच म्हणाले. "मी वात कापायला सांगायचं विसरलो बघ! लांब वात जास्त मेण ओढते, मेण पुरतं जळत नाही, मग धूर होतो आणि ज्योत नाचते. गव्हाच्या दाण्याएवढीच ठेवायची असते. शलाके, तुझा हात स्थिर आहे, तूच काप."

आईनं फुंकर मारून ज्योत विझवली, हातात कात्री दिली आणि हळूच म्हणाली, "आधी केस बांध. विझलेली असली तरी वात अजून लाल आहे. आणि परत पेटवायचीही आहे तुला."

मी तशीच उभी राहिले. केस बांधले की गाल उघडा. न बांधता ज्योतीजवळ वाकू शकत नव्हते. आजोबा हात मांडीवर घट्ट धरून वाट बघत बसले होते. मग मी आईच्या हातातलं रबर हिसकावलंच आणि सगळे केस करकचून मागे बांधले. वात कापली, विझलेला तुकडा चिमट्यानं उचलून टाकला आणि लांब दांड्याच्या लायटरनं पुन्हा पेटवली. ज्योत छोटी झाली आणि नीट उभी राहिली.

"स्थिर आहे," ठोकळा म्हणाला.

केस सोडायला वेळच नव्हता. डॉक्टरांनी आजोबांची पट्टी काढली आणि त्यांच्या कानामागचं बटण दाबलं. "सांगा आजोबा, काय दिसतंय?"

"काही नाही," आजोबा म्हणाले. मग त्यांनी वासाच्या दिशेनं तोंड वळवलं. "थांबा. इथे उजेड आहे. ही ज्योत. आणि तिच्या बाजूला आणखी एक उजळ ठिपका आहे. हा कसला?"

मी झटकन हातानं गाल झाकला.

"अगं, गेला कुठे तो?" आजोबा घाबरून पुढे सरकले. "कुणी झाकला? तेवढंच तर नीट दिसत होतं मला!"

मी हात काढला. काय करू, त्यांचा आवाजच तसा होता. आजोबांनी बोट पुढे केलं आणि बरोब्बर माझ्या गालावर ठेवलं. "हं, हा. मग याच्या बाजूला हे नाक. वर हे डोळे. ओले का गं? शलाके, तू आहेस होय ही!"

"आजोबा, तो डाग आहे," मी रडत रडत म्हणाले. "कोड आहे. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

डॉक्टर म्हणाल्या, "पहिले काही दिवस यांना फक्त उजेड-अंधार कळणार. त्वचा जिथे फिकी असते तिथून प्रकाश जास्त परत येतो. म्हणून आधी तेच दिसलं."

"डॉक्टर, हे शास्त्र मला उद्या शिकवा," आजोबा म्हणाले. त्यांचा हात माझ्या गालावरून हलला नव्हता. "वेडी कुठली! अगं, एवढ्या अंधारात मी तुला कुठून शोधणार होतो? याच्यामुळे तर सापडलीस."

त्यानंतर आम्ही दोघंही इतके रडलो की डॉक्टरांनी डोळ्यांना ताण येईल म्हणून दटावलं. पुढच्या आठवड्यात रंग दिसू लागतील आणि महिन्याभरात अक्षरं वाचता येतील, असंही त्या म्हणाल्या. आजोबा म्हणाले, "रंगांची काही घाई नाही. आधी मला हिला पोटभर बघू दे."

सोमवारी मी केस बांधूनच शाळेत गेले.