आईची कोर

शिवणाच्या दुकानातून त्या दिवशी ती दुपारीच निघणार होती. आईचा गाऊन आखूड करून पोचवायचा होता, बाकी काही नाही. शेवटचा टाका घालून तिने दोरा दातांनी तोडला आणि स्वतःशीच खुदकन हसली. सगळं आयुष्य शिवणकामात गेलं, पण पुढचे दात एकमेकांना कधी टेकलेच नव्हते. साधा दोरा तोडायचा तरी कात्री शोधावी लागे, खाताना जबडा कटकट वाजे. आता डॉक्टरांनी जबडा कापून, सरकवून, स्क्रू मारून जागेवर बसवला होता. ती सफरचंद चावून खायची, फोटोत तोंडावर हात धरायची नाही. खालचा ओठ आणि हनुवटी मात्र बधिर राहिली होती. चहा ओघळला तरी कळत नसे. एवढं कदाचित राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. राहीना का, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला होता.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. आईला तिने काहीच सांगितलं नव्हतं. आईची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक घरी आली की आई तिची हनुवटी धरून तिला बघायची. चंद्रकोरीसारखी पुढे आलेली, एका बाजूला वळलेली ती हनुवटी चाचपून म्हणायची, "आली माझी कोर." ऑपरेशनचं ऐकून आईने हायच खाल्ली असती. म्हणून कामासाठी परगावी जाते अशी थाप मारून ती मैत्रिणीकडे राहिली आणि खरं काय ते फक्त वहिनीला सांगून आईची जबाबदारी तिच्यावर टाकली. आज कित्येक महिन्यांनी ती पहिल्यांदाच आईकडे आली होती.

वहिनी कामावर निघाली होती, ती दारातच भेटली. "बरं झालं ताई, आलात. आई हल्ली दुपारी कुणाशी तरी बोलत असतात म्हणे, शेजारच्या सांगत होत्या. विचारलं तर म्हणतात, लेक आली होती."

"वय झालं गं," ती म्हणाली आणि आत गेली.

खोलीत पडदे ओढलेले होते, बाम आणि जुन्या कापडाचा वास कोंडून राहिला होता. आई पलंगावर बसली होती. तिने वाकून आईचा हात आपल्या चेहऱ्यावर ठेवला. बोटं गालांवरून उतरली, हनुवटीपाशी आली आणि थबकली. तिला स्पर्श कळलाच नाही. आईचा चेहरा उतरताना तेवढा दिसला.

"कोण गं तू?"

"मीच, आई. जबड्याचं ऑपरेशन केलं. तुला सांगणारच होते..."

"माझी लेक आत्ताच पाणी प्यायला गेलीय स्वयंपाकघरात."

"आई, मी इतके दिवस इथे नव्हते."

"ती रोज दुपारी येते," आई हळू आवाजात म्हणाली. "खाताना तिचा जबडा कटकट वाजतो. मला ऐकू येतं."

तिने पिशवीतून गाऊन काढून आईच्या मांडीवर ठेवला. शिवण आईनेच शिकवली होती, हात तरी ओळखेल. आईने दुमड चाचपली, टाके चाचपले. चेहरा जरा निवळला. मग बोट दोऱ्याच्या टोकाशी आलं. टोक चावलेलं होतं, अजून ओलसर.

"माझ्या लेकीला दातांनी दोरा तोडता येत नाही," आई म्हणाली आणि गाऊन बाजूला सारला.

ती रडकुंडीला आली. उठून तावातावाने स्वयंपाकघरात गेली. तिथे कुणी नव्हतं. परत वळली तर खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. आतून आवाज आला... कट... कट... सावकाश, काहीतरी चावल्यासारखा.

"आलीस?" आई म्हणत होती. इतक्या मायेने, की ती दाराबाहेरच थांबली.

फटीतून आई दिसत होती. तिचा हात वर उचललेला होता, पण दाराच्या आड कोण होतं ते दिसत नव्हतं. आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच तिला आपल्या बधिर हनुवटीवर काहीतरी जाणवलं. आईची बोटं. कोरडी, उबदार, अंगठ्याला सुईचे घट्टे.

"आई..." ती कशीबशी म्हणाली.

आतला हात थांबला.

"दार लाव गं," आई आत कुणाला तरी म्हणाली. "बाहेर कोणीतरी उभं आहे."

पावलं दाराशी आली. कडी लागली. बाहेर तिच्या हनुवटीवरून आईचा अंगठा मात्र हळूहळू फिरतच होता.