तीनदा विचारून गेलेला मुलगा

मला सांगा, दुसऱ्याच्या दाराशी यावं, दार वाजवावं आणि दाराकडे पाठ करून उभं राहावं, ही कुठली वागणूक? इथं आखातात, अल हैलच्या आमच्या फ्लॅटचं दार मी उघडलं तर समोर एक पाठ. चौकटीचा शर्ट, मानेवर घाम, खांद्याला माती.

"पाठीचं दर्शन द्यायला आलास का रे बाबा?"

पाठ वळली. मुलगा बरा दिसत होता. नको तितका बरा.

"जय भीम, आजी. दारावर आडनाव वाचलं म्हणून... मी प्रीतम. समोरच्या फ्लॅटमध्ये आजच राहायला आलो. स्क्रू-ड्रायव्हर मिळेल?"

"मागणाऱ्यानं आधी तोंड दाखवावं."

"दार उघडताना एकदम आत नजर जाऊ नये म्हणून तसा उभा होतो. कामावर सवय लागलीय."

तेवढ्यात आमची नात प्रणाली बाहेर आली. डोक्याला चपचपीत तेल, अंगात बापाचा जुना टी-शर्ट. आणि हा गडी पुन्हा गर्रकन वळला, पुन्हा पाठ! प्रणाली हसली. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. पोरीला असलं हसू आलं की पुढे महिनाभर दूध उतू जातं.

प्रीतम अमरावतीचा, जुनी घरं सावरणारा इंजिनिअर. सोहारच्या वाटेवर समुद्राकाठी वाळूखालून एक घर निघालं होतं, हजार वर्षांहून जुनं, इस्लाम इकडे नवा होता तेव्हाचं. त्याच्या भिंती उभ्या ठेवायचं काम ह्याच्याकडे. आमची प्रणाली नव्या बंगल्यांचे नकाशे काढते, पुढून सगळी काचच काच. म्हणजे एक काचवाली, एक मातीवाला. जिन्यात भेटले की भांडायचे. रोज लिफ्ट सोडून जिन्यानंच का जायचे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, पण एवढं त्या दोन इयत्तांतही कळतं.

एका शुक्रवारी तो आम्हांला ते घर दाखवायला घेऊन गेला. माझा मुलगा अतुल आणि सून रश्मी गाडीच्या सावलीत बसून राहिले. मी मात्र सगळं घर फिरले. घर कसलं, कमरेएवढ्या भिंती! फक्त दाराकडचा भाग प्रीतमच्या माणसांनी डोक्याच्या वर पुन्हा उभारला होता. दारातून आत गेलं की समोर भिंत. वळायचं, मग अंगण.

"दारात भिंत घालणारा गवंडी कुणी ठेवला होता?" मी विचारलं.

"मुद्दाम आहे, आजी. गल्लीतून जाणाऱ्याला आतलं दिसू नये म्हणून. आत बायका मोकळ्या वावरत, मुलं खेळत. पाहुणा बाहेर बाजूला उभा राहून विचारायचा, येऊ का? तीनदा विचारायचं. उत्तर आलं नाही तर न रागावता परत जायचं. आणि शेजाऱ्याच्या दारासमोर आपलं दार काढायचं नाही."

"तुझं दार आमच्या दारासमोरच आहे."

"ते बिल्डरनं काढलंय, आजी. माझा काही दोष नाही," तो म्हणाला, आणि बघत होता प्रणालीकडे.

आमच्या वर्ध्याकडे दार सकाळी उघडलं की रात्रीच लागायचं. येणारा गल्लीतूनच हाक मारत यायचा आणि सरळ चुलीपाशी बसायचा. विचारून यायचा तो फक्त पोलीस. तसं मी त्याला सांगितलंही.

एका खोलीच्या जमिनीत लांब लांब पन्हळी होत्या. मी म्हटलं, ही मोरी. तो म्हणाला, नाही आजी, इथे खजुराच्या गोण्या एकावर एक रचायचे, भारानं पाक निघायचा आणि पन्हळीतून वाहत जायचा. मी म्हटलं, मोरीच आहे. त्यानं वाद घातला नाही. फक्त डब्यातून खजुराचा पाक काढून माझ्या बोटावर ठेवला. काळा, दाट, गोड. मी चाटून घेतला. पण मोरी म्हणाले ते म्हणालेच.

मग मी दाराजवळच्या त्या वळणात टेकले. ते दोघं भिंतीच्या पलीकडे. दिसत नव्हतं काही... पण कानाला काय भिंत?

"तुझ्या काचेच्या बंगल्यातली माणसं दिवसभर पडदे ओढून बसत असतील."

"पडदा ओढायचा की नाही ते राहणारीनं ठरवायचं."

"म्हणजे कधीतरी उघडाही असेल?"

"बाहेर कोण उभं आहे, त्यावर आहे."

"आणि तो पाठ करून उभा असेल तर?"

"तर... आधी त्याला वळायला शिकवावं लागेल."

मग काहीच ऐकू येईना. वारा तेवढा. मी इतकी जोरात खोकले की बाहेरचा चौकीदार पाणी घेऊन धावत आला.

पुढे त्याची बदली दूर सूर गावी झाली, तिथल्या एका जुन्या घराच्या डागडुजीला. गुरुवारी रात्री प्रणाली माझ्या पायाशी येऊन बसली, नखं खरवडत.

"आजी... प्रीतम उद्या सकाळी येणार आहे. सूरला जायच्या आधी. तुला काहीतरी विचारायचंय त्याला."

"मला? बापाला नाही?"

"बाबा म्हणाले, आजीला विचार."

अतुलला मी चांगलं वळण लावलंय, हे खोटं नाही.

"येऊ दे. पण त्याला सांग, पाठ करून उभा राहिलास तर तसाच जा. मला पाठ चालायची नाही."

"सांगते," ती हसली. "मी त्याला आणखी एक सांगितलंय. आजीला तू नको असलास तर ती दारच उघडणार नाही."

शुक्रवारी मी पहाटेपासून पाटवडीच्या मागे लागले. अतुल-रश्मी मासळीबाजारात गेले. प्रणाली आतल्या खोलीत केस वाळवायचं यंत्र घेऊन बसलेली, घों घों. स्वयंपाकघरात माझा मिक्सर, सुकं खोबरं आणि खसखस, घर्र घर्र. दारावरची बेल बंद होती. तिचा सेल मी टीव्हीच्या रिमोटला घातला होता. बेलवाचून माणूस जगतो, मालिकेवाचून नाही.

मिक्सर थांबवला तर काहीतरी टकटक झाल्यासारखं वाटलं. गेले, दारातल्या भिंगातून पाहिलं. कोणी नाही. वरच्या मजल्यावरची पोरं असणार. परत आले, मिक्सर लावला. पुन्हा टकटक, पुन्हा भिंग, पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा मी लाटणं घेऊन गेले. भिंगात नुसतं समोरचं बंद दार.

दुपार झाली. रस्सा निवला, वर तर्री थिजली. प्रीतम आला नाही. प्रणालीनं निळा ड्रेस घातला होता, तो संध्याकाळी काढून ठेवला.

"फोन कर की," रश्मी म्हणाली.

"मी का करू? यायचं त्यानं होतं."

पोर माझ्यावर गेलीय. एरवी मला त्याचा अभिमान वाटतो.

दोन-तीन दिवस घरात नुसती भांड्यांची बोलणी. प्रणाली जिना सोडून लिफ्टनं जाऊ लागली. नखं खरवडत माझ्या पायाशी बसलेली ती पोर मला दिसायला लागली.

मग खालच्या मजल्यावरची अदीबा कहवा घेऊन आली. बलुची बाई, हिंदी चांगलं बोलते. आल्याबरोबर मलाच रागावली.

"अनुसया, वो सामनेवाला लड़का इतना शरीफ. जुम्मे को तुम्हारे दरवाजे पे खड़ा था, एकदम दीवार से लग के. तीन बार पूछा. फिर बैग उठाया, चला गया. मुँह इतना-सा. तुमने खोला क्यों नहीं?"

"दीवार से लग के क्यों?"

"तुमने बोला ना, पीठ नहीं चलेगी! प्रणाली बोली मुझे. तो बेचारा बाजू में खड़ा था."

मी कहव्याचा पेला खाली ठेवला. भिंगातून बाजूचं कुणाला दिसतं? भिंग बनवणाऱ्यानं जरा विचार करायला नको?

"अतुल!" मी हाक मारली. "गाडी काढ. सूर."

"आई, आज? ऑफिस..."

"यल्ला! चल म्हणजे चल!"

वाटेत प्रणाली खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, तो आला होता. तिनं मान वळवली नाही, पण कान लाल झाले. म्हणाली, "मग फोन का नाही केला त्यानं?"

"तूच सांगितलंस ना, दार नाही उघडलं तर नकार. नकार मिळालेला शहाणा मुलगा पोरीला घरच्यांविरुद्ध चिथावायला फोन करत नाही." एवढं बोलून मला माझाच राग आला. त्याची बाजू मी का घेत होते?

सूरचं ते घर समुद्राजवळ, पांढरं, जाड भिंतींचं. आतून मशीनचा आवाज. प्रणाली ओढणी सावरून दाराच्या बाजूला उभी राहिली, भिंतीला लागून.

"प्रीतम... येऊ का?"

मशीन घरघरत राहिलं.

"येऊ का?"

नाही.

तिसऱ्यांदा तिचा आवाज पार बारीक झाला. मग ती वळली. डोळे भरलेले, हनुवटी वर. "उत्तर नाही आलं, आजी. रीत म्हणते, परत जायचं. चल."

"रीत त्यांची चांगली असेल, पोरगी माझी आहे."

मी पदर खोचला आणि आत शिरले. समोर भिंत. वळले. अंगण. भिंतीतली फट उघडायला मशीन लावून प्रीतम उकिडवा बसलेला, अंगावर बनियन आणि टॉवेल, अर्ध्या गालावर दाढीचा साबण. काम आठवलं म्हणून दाढी अर्धी टाकून बसला असणार. मला बघून मशीन त्याच्या हातातून सुटलं.

"आजी! अहो... विचारून तरी यायचं!"

माझ्यामागून प्रणाली आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि सवयीनं पाठ केली.

"वळ," ती म्हणाली. रडत होती की हसत, कोण जाणे.

तो वळला. अर्धा गाल पांढरा.

"मी तीनदा विचारलं होतं, प्रणाली. दार नाही उघडलं, मला वाटलं..."

"मीपण आत्ता तीनदा विचारलं."

"मला ऐकू नाही आलं गं, मशीन..."

"आजीचा मिक्सर," ती म्हणाली. तिनं ओढणीच्या टोकानं त्याच्या गालावरचा साबण पुसला, हळूच, काच पुसावी तसा. त्यानं तिचं मनगट धरलं. "मग... विचारू? तुलाच? एकदाच?"

"एकदा पुरे," ती म्हणाली.

दाराशी उभा असलेला माझा अतुल आकाशाकडे बघायला लागला. सगळेच पाठ करायला शिकले! मी मात्र सरळ समोर उभी राहिले आणि त्या मुलाला सांगितलं:

"हे बघ प्रीतम, दाराबाहेर उभं राहून विचारायचं ते पाहुण्यानं. येत्या शुक्रवारी पाटवडी आहे. दार उघडं असेल, हाक मारत ये आणि सरळ माझ्या चुलीपाशी येऊन बस. आणि पुन्हा कधी माझं दार वाजवलंस ना, तर याद राख, मी उघडणार नाही!"