डाव्या पायाचा नाल

फौजदार करुणा लोंढे जळोचीच्या शिवारात पोहोचल्या, तेव्हा जमाव बिरदेव नालबंदाला मारत होता. म्हातारा उसाच्या बांधावर पडला होता. उजव्या हाताची बोटं चेचलेली, कपाळ फुटलेलं. दिग्विजयनं काठी पुन्हा उगारली. करुणांनी ती वरच्यावर धरली.

"ह्यानं माझा काका मारला," दिग्विजय धापा टाकत म्हणाला. "परवा नाल ठोकले, आज एक निखळला. घोडी अडखळली, काका डोक्यावर पडले."

दहा पावलांवर त्याच्या काकांचं, रामहरींचं, प्रेत होतं. डोकं मागून फुटलेलं. शेजारी रक्तानं माखलेला नाल. सकाळच्या फेरीला निघालेली घोडी रिकामीच घरी आली, तशी त्यांची मुलगी श्रेया तिला धरून धावत आली होती.

घोडीच्या पुढच्या दोन्ही खुरांवर जमिनीपर्यंत येणारे काळे रबरी बूट होते. पाठीवर जुने वळ.

"हे वळ कसले?"

"दिग्विजयदादानं साखळीनं मारलं होतं, गेल्या आठवड्यात," श्रेया म्हणाली. "म्हणून आबांनी त्याला चारचौघांत चाबकानं फोडलं."

"घोडी आल्यापासून बूट कुणी सोडले?"

"कुणीच न्हाय. मी नुसता लगाम धरलाय."

करुणा वळल्या. "दिग्विजय, नाल कुठल्या पायाचा?"

"पुढच्या डाव्या."

"पाय उचलून बघितलास?"

"न्हाय. आलो ते सरळ ह्या म्हाताऱ्याला धरलं. घोडीजवळ गेलोच न्हाय."

करुणा बिरदेवजवळ बसल्या. "तात्या, हे बूट कशासाठी?"

"चालताना मागचा पाय पुढच्या नालावर पडतो, बाई. नाल उपटतो. म्हणून मीच रामहरीरावांना बूट घालायला लावले." त्याला बोलताना रक्ताची गुळणी आली. "बूट असल्यावर नाल पडंल कसा?"

करुणांनी डाव्या पायाचा बूट सोडला. पट्टा घट्ट आवळलेला होता. आत खूर उघडा.

"उपटला असता तर?"

"खुराचे टवके उडाले असते."

एकही टवका उडालेला नव्हता. खिळ्यांची भोकं शाबूत, नालातले खिळेही सरळ.

करुणा उठल्या. "नाल पडला नाही, काढला. आधी बूट सोडला, खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ केली, नाल काढून रक्तात बुडवला. मग सवयीनं बूट पुन्हा बांधला. रामहरी पडून मेले असं दाखवायचं होतं, आणि दोष तात्यांवर जायला हवा होता. बुटाखाली कुठला खूर उघडा आहे, हे आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. ते तू सांगितलंस, दिग्विजय."

तो उसात पळाला. हवालदारानं त्याला पाटाजवळ पाडलं. मोटरसायकलच्या डिकीत पकड निघाली आणि केस चिकटलेला हातोडा.

"माफी मागतो म्हणून थांबवलं," तो चिखलात तोंड खुपसून म्हणाला. "काका उतरले. पाठ वळवली, न् मी घातला. चाबूक मारला तवा सगळं गाव हसलं व्हतं."

अँब्युलन्समध्ये बिरदेवचा हात फळीला बांधला. चेचलेली बोटं आता हातोडी धरणार नव्हती. श्रेया दाराशी येऊन उभी राहिली.

"तात्या, तुमचं कपाळ... तो दगड मी मारला."

"ठाव हाय, पोरी," बिरदेव म्हणाला. "मी तुझ्याकडंच बघत व्हतो."

त्यानं मान पलीकडं वळवली. श्रेया दार लागेपर्यंत तिथंच उभी होती.