ओढमापक

सकाळच्या उड्डाणाआधी कॅप्टन मालविका खांडेपारकरांनी नागपूर विमानतळावरच्या वैद्यकीय खोलीत यंत्रावर तळहात टेकवला आणि जांभई दाबली. फुंकर मारून दारू शोधायची नळी आता इतिहासजमा झाली होती. समोरच्या पडद्यावर चित्रं सरकायची: डोंगर, कुत्रं, भाजीची टोपली आणि मध्येच बर्फ घातलेला ग्लास. तो दिसल्यावर घाम आणि नाडी किती बदलते, यावरून ओढमापक माणसाची दारूची ओढ मोजायचा. प्यायलेला वैमानिक पकडण्यापेक्षा पिऊ पाहणाराच आधी पकडावा, ही अक्कल कुणा शहाण्याची होती देव जाणे.

मालविकाबाईंचा दिवा हिरवा लागला. परवा मैत्रिणीकडे त्यांनी दोन पेग घेतले होते, नियमाचे तास पाळून, आणि विसरूनही गेल्या होत्या.

सहवैमानिक अन्वय दिघेचा दिवा लाल लागला. डॉक्टर इंगोल्यांनी रक्त तपासलं, त्यात दारूचा थेंब नव्हता. पण लाल म्हणजे लाल, असं ते खाली बघत म्हणाले. महिन्यातली ही दुसरी वेळ होती. उद्या फेरचाचणी घ्यायची की प्रकरण आजच परवाने देणाऱ्या मंडळाकडे पाठवायचं, एवढंच कॅप्टनच्या हातात होतं. उद्याही लाल आला तर परवाना जाणार होता.

मालविकाबाई त्याला बाहेर घेऊन गेल्या. असल्या चौकशांचा त्यांना वीट आला होता. अन्वय त्यांना आवडायचा, त्याच्या हाताखाली विमान अलगद उतरायचं. त्यांनी सरळ विचारलं.

अकरा महिन्यांपूर्वी दारू सोडली, असं त्याने सांगितलं. कुणाला बोलला नव्हता. या धंद्यात मदत मागायला गेलेल्याच्या नावावर शिक्का बसतो, म्हणून सगळेच तोंड मिटून असतात. मालविकाबाईंनाही हे नवं नव्हतं.

"हे यंत्र आलं तेव्हा मी रोज पीत होतो, मॅडम," तो म्हणाला. "ड्यूटीचे तास सांभाळून. एकदाही लाल आला नाही. पोट भरलेल्याला ताट दिसलं तर काय होणार?"

"आणि आता?"

"आता ग्लास दिसला की जीव कासावीस होतो. तरी घेत नाही. ते यात कुठे दिसतं?"

मालविकाबाईंना त्याची कीव आली आणि स्वतःच्या हिरव्या दिव्याची लाज वाटली. हे लिहायला त्या फॉर्मवर रकाना शोधू लागल्या. तसा रकानाच नव्हता. त्यांनी फेरचाचणीवर सही केली. अन्वयने आभार मानले, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही.

राखीव सहवैमानिक आला आणि विमान वेळेवर निघालं. ढगांच्या वर गेल्यावर मालविकाबाईंनी थकून डोकं मागे टेकवलं. आज दिवसभर अन्वय घरी एकटा असणार होता. दिवा हिरवा कसा करायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उद्या तो हिरवा लागला, तर शेजारच्या सीटवर बसणाऱ्या अन्वयला 'काल घेतलीस का?' असं विचारायचा धीर आपल्याला होईल का?