हिरव्या तारेचा स्क्रू

रुमाल काढायला खिशात हात घातला आणि वायरमनच्या बोटांना एक बारकासा पितळी स्क्रू लागला. त्याचे कान एकदम तापले. काल ज्या शिवणकामवालीच्या स्वयंपाकघरात धूर ओढणारी विजेची चिमणी बसवली, तिथल्या सॉकेटमधल्या हिरव्या तारेचा स्क्रू!

हिरव्या तारेचं काम साधं असतं. आत काही बिघडून वीज चिमणीच्या पत्र्यावर उतरलीच, तर तिला जमिनीची वाट दाखवायची. तार सुटलेली असली तरी पंखा झकास फिरतो... चूक कळते ती कुणाचा तरी हात पत्र्यावर असताना.

निघण्याआधी उरलेले स्क्रू तळहातावर मोजायचे, ही त्याची रोजची सवय. काल मात्र शिवणकामवाली गळ्यात टेप अडकवून स्टूल धरून उभी होती.

“पडलात तर झेलणार नाही हं,” ती म्हणाली होती. “स्टुलासकट बाजूला होईन.”

तो हसला, आणि हसता हसता त्याने सॉकेटवर झाकण बसवून टाकलं.

तो तसाच तिच्या घरी धावला. दार तिच्या आईने उघडलं. “अगं, बघ कोण आलंय! काम झाल्यावर विचारपूस करायला कोण येतं हल्ली?”

‘सहज आलो,’ म्हणून निभावलं असतं. पण त्या कौतुकाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कौतुक नको, काकू. मी चुकलोय. आधी मेन स्विच बंद करतो.” त्याने स्क्रू पुढे धरला आणि सगळं सांगितलं.

“अरे देवा! सकाळपासून तीनदा पुसली रे मी ती चिमणी!”

त्याची मान वर होईना. वीज बंद करून, स्टुलावर चढून त्याने झाकण काढलं. हिरवी तार मोकळीच लोंबत होती. ती त्याने घट्ट आवळली, ओढून पाहिली आणि तो खाली उतरला.

“एवढं कसं विसरलात?” तिने मागून विचारलं. आवाजात कालचं हसू नव्हतं.

“लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

त्याने झाकण हातात घेतलं. आई घाईने म्हणाली, “मी पाणी आणते हं,” आणि बाहेर गेली. नळ स्वयंपाकघरातच होता.

“तुमच्याकडे,” तो झाकणाकडे बघत पुटपुटला. “म्हणून चूक माफ होत नाही... माहितीये मला. दुसरा वायरमन बोलवून तपासून घ्या. परत तोंड दाखवणार नाही मी.”

तिने पुढे होऊन स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

“आधी काम पुरं करा. इकडे बघायचं नाही.”

तो चढला. झाकण बसवलं, उतरून मेन स्विच लावला, मीटरने दोनदा तपासलं. उरलेले स्क्रू तळहातावर मोजले — एकही जास्त नाही.

“झालं?”

“झालं.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग आता बघा,” ती म्हणाली.